खाडीवरचे दार

जॉन रेबर अभियंता नव्हता. कॅलिफोर्नियात हौशी नाट्यप्रयोग बसवणारा हा गृहस्थ १९४० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीचा एक नवाच नकाशा घेऊन हिंडत होता. त्याचे म्हणणे ऐकणाऱ्याला लगेच पटण्याइतके सोपे होते. नद्यांचे एवढे गोडे पाणी रोज समुद्रात फुकट जाते, तर खाडीला दोन आडवे बांध घाला. उत्तरेला एक आणि दक्षिणेला एक अशी गोड्या पाण्याची दोन सरोवरे होतील, बांधांवरून रेल्वे आणि मोटारी जातील, भराव घालून नवी जमीनही हाती येईल. राजकारण्यांना ही योजना आवडली, वृत्तपत्रांना त्याहून आवडली. अखेर अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाने सॉसालिटो येथे सुमारे दीड एकरावर अख्ख्या खाडीची काँक्रीटची प्रतिकृती उभारली, तिच्यात भरती-ओहोटी खेळवली आणि रेबरचे बांध घालून पाहिले. योजना चालणार नाही, असा निष्कर्ष निघाला. ही हकीकत बहुधा हौशी माणसाच्या फजितीची गोष्ट म्हणून सांगितली जाते, आणि तिथेच गफलत होते. सॅन फ्रान्सिस्कोत जे प्रतिकृतीवर थांबले, ते नेदरलँड्स, दक्षिण कोरिया, जपान आणि आपल्या केरळात नामांकित अभियंत्यांनी, सरकारी पैशाने, प्रत्यक्ष बांधले. त्यामुळे खाडीचे पाणी बांधाने विभागले की काय होते, हा आता तर्काचा विषय राहिलेला नाही. जवळजवळ शंभर वर्षांचा पुरावा समोर आहे, आणि या पुस्तकाचा विषय तोच पुरावा आहे.

खाडी म्हणजे नदीचा शेवट आणि समुद्राची सुरुवात, असे भूगोलाच्या पुस्तकात ठीक असते. प्रत्यक्षात तिथे एकाच जागी दोन पाणी एकमेकांवर चढतात. खारे पाणी जड म्हणून तळाशी सरकत वर घुसते, गोडे त्याच्यावरून वाहत खाली येते, आणि सीमा दर सहा तासांनी, उधाणाला आणि भांगेला, पावसाळ्यात आणि वैशाखात वेगळ्या ठिकाणी असते. नदीने आणलेला बारीक गाळ खाऱ्या पाण्यात आल्याबरोबर गोळे होऊन खाली बसतो. दलदली, कांदळवने, चिखलाची मैदाने त्यातूनच होतात. मासे, कोळंबी, शिंपल्या यांची पिले वाढतात तीही याच गढूळ, निमखाऱ्या पट्ट्यात. ओहोटीबरोबर बाहेर जाणारे पाणी खाडीचे मुख खरवडून मोकळे ठेवते. आत-बाहेर करणारे पाणी कमी झाले की मुखाशी गाळ साचू लागतो. म्हणजे खाडीत ज्या ज्या गोष्टीचा माणसाला उपयोग आहे, ती बहुतेक पाण्याच्या येण्याजाण्यातून निर्माण झालेली असते. आडवा बांध नेमके हेच येणेजाणे थांबवतो. तरीही बांध घालूच नयेत असे माझे म्हणणे नाही, आणि पुरावाही तसे सांगत नाही. पुरावा सांगतो तो असा: खाडीवरच्या बांधाचे बरेवाईट भिंतीच्या मजबुतीवर जेवढे ठरते, त्याहून अधिक त्या भिंतीत दार आहे की नाही आणि ते कधी उघडायचे हे कोण ठरवतो, यावर ठरते. ज्यांनी हे आधी ओळखले नाही, त्यांना पुढे बांधलेल्या भिंतीत भोके पाडावी लागली आहेत.

भिंतीच्या बाजूने जितके म्हणता येईल तितके आधी म्हणून घेतले पाहिजे. १९१६ च्या पुरानंतर डच संसदेने १९१८ मध्ये झाउडरझे या उथळ समुद्री उपसागराचे तोंड बंद करण्याचा कायदा केला, आणि कॉर्नेलिस लेली याच्या आराखड्याप्रमाणे १९३२ मध्ये ३२ किलोमीटरचा बांध पुरा झाला. आत गोड्या पाण्याचे सरोवर झाले, पुढल्या दशकांत सुमारे १,६५० चौरस किलोमीटर जमीन पाण्याखालून वर आली, आणि किनाऱ्यावरच्या जुन्या गावांची पुराची भीती गेली. हेरिंग आणि अँकोव्ही मासळी मात्र संपली. पण एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. मासेमारांचा धंदा बुडणार हे सरकारने नाकारले नाही, आणि बांध पुरा होण्याच्या सात वर्षे आधी, १९२५ मध्येच, त्यांच्या नुकसानभरपाईचा कायदा केला. आपल्याकडे हा क्रम सहसा उलटा असतो. पुढे ३१ जानेवारी ते १ फेब्रुवारी १९५३ च्या रात्री वादळी भरतीने झीलँड आणि दक्षिण हॉलंडचे बांध फोडले आणि नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसे बुडाली. त्या रात्रीनंतर नैर्ऋत्येकडच्या खाड्यांची तोंडे बांधून टाका, अशी मागणी कुणी केली तर तिला अभियंत्यांचा अहंकार म्हणणे अन्यायाचे होईल. किनाऱ्याची शेकडो किलोमीटरची जुनी तटबंदी उंच करत बसण्यापेक्षा चार-पाच मुखे बंद केली की संरक्षणाची रेषाच आखूड होते, हा हिशेब बिनचूक होता. १९५८ च्या डेल्टा कायद्याने तो मान्य केला, आणि व्हेर्से, ग्रेव्हेलिंगेन, फोल्केराक, हारिंगव्लीट अशी एकेक वाट बंद होत गेली.

शेवटची आणि सर्वांत मोठी वाट ओस्टरस्खेल्डेची होती. तीही दगडमातीच्या अखंड बांधाने बुजवायची ठरली होती, काम सुरूही झाले होते. इर्सेके गावचे कालवांचे आणि शिंपल्यांचे व्यापारी, मासेमार आणि निसर्गप्रेमी मंडळी यांनी विरोध केला. तोवर आधी बंद झालेल्या खाड्यांत पाण्याचे काय होते तेही दिसू लागले होते. १९७४ मध्ये मंत्रिमंडळाने माघार घेतली आणि खाडीच्या तोंडावर बांधाऐवजी दारे बसवण्याचा निर्णय झाला. ६५ अवजड स्तंभ, त्यांच्यामध्ये ६२ पोलादी दरवाजे. एरवी सगळे उघडे, समुद्राची पातळी नेहमीपेक्षा तीन मीटर वर जाणार असा अंदाज आला की बंद. १९८६ मध्ये राणी बेआट्रिक्सच्या हस्ते ते सुरू झाले. खर्च मूळ बांधाच्या मानाने कितीतरी वाढला, आणि तो खर्च पुराच्या संरक्षणासाठी वाढलेला नव्हता, कारण संरक्षण साध्या बांधानेही झाले असते. वाढीव पैसा केवळ भरती आत येत राहावी म्हणून मोजला गेला. या योजनेतला विभागणीचा भाग तर विशेष समजून घेण्यासारखा आहे. स्तंभांमुळे मुखाचा छेद पूर्वीच्या सुमारे पाचव्या हिश्शावर येणार होता, म्हणजे आत येणारी भरती दुबळी होणार होती. म्हणून अभियंत्यांनी खाडीच्या पाठीमागे फिलिप्सडाम आणि ओस्टरडाम असे दोन आणखी बांध घालून खाडीच लहान केली. लहान पात्रात तेवढ्याच पाण्याने भरतीची उंची पुरेशी राहते, आणि मागच्या बाजूला अँटवर्पहून राइनकडे जाणाऱ्या जहाजांना भरती-ओहोटीविना मार्ग मिळतो. एका बांधाचा दोष झाकायला दुसरे दोन, हे वाचताना हसू येईल, पण त्यामागचा विचार मात्र अस्सल आहे. येथे पाणी विभागले गेले ते भरती वाचवण्यासाठी.

विभागून मागे राहिलेल्या पाण्याचे काय झाले? फोल्केराक गोडे झाले आणि काही वर्षांतच भोवतालच्या शेतीतून येणाऱ्या खतांच्या अंशांवर निळसर-हिरव्या शेवाळाने उन्हाळ्यात पाणी माखून टाकायला सुरुवात केली; ज्या सिंचनासाठी ते गोडे केले, त्या सिंचनालाच ते अधूनमधून निरुपयोगी ठरू लागले. ग्रेव्हेलिंगेन खारेच ठेवले होते, पण भरती नसल्याने तळाशी प्राणवायू संपत गेला. १९७८ मध्ये बांधाला मोरी करून समुद्राचे पाणी आत घ्यावे लागले. व्हेर्से सरोवराच्या बांधात २००४ मध्ये तसेच केले. हारिंगव्लीटचे १७ दरवाजे १९७० पासून समुद्राला बंद होते आणि राइन चढून जाणारे सामन मासे त्यांच्याशी येऊन अडत. २०१८ पासून ते भरतीच्या वेळीही थोडे किलकिले ठेवायला सुरुवात झाली, आणि त्याआधी पिण्याचे पाणी उचलण्याची ठिकाणे पूर्वेला हलवावी लागली. ज्या देशाने हे शास्त्र जगाला शिकवले, तो देश चाळीस वर्षे आपल्याच भिंतींत दारे पाडत आहे. डच लोकांना चुकांची आवड आहे म्हणून हे घडत नाही. हिशेब ठेवण्याची त्यांना सवय आहे, म्हणून ते लवकर दिसते.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो सरकारी अभियंत्यांचा नसून निसर्गाची बाजू घेणाऱ्यांचा आहे: दार ठेवले म्हणजे सगळे निभावले, असे समजणे ही भाबडेपणाचीच नवी जात आहे. आक्षेप खरा आहे. ओस्टरस्खेल्डेत भरती येते, पण तिचा जोर कमी झाला आहे. जुनी पात्रे आता गरजेपेक्षा रुंद ठरली आहेत, वादळे वाळूच्या सपाट मैदानांवरून वाळू या पात्रांत ढकलतात आणि ती परत वर आणून टाकायला पूर्वीचा प्रवाह उरलेला नाही. डच अभियंते याला ‘वाळूची भूक’ म्हणतात. मैदाने झिजत आहेत, ओहोटीला त्यांच्यावर चरणाऱ्या पक्ष्यांची जागा आणि वेळ दोन्ही घटत आहेत, आणि रोग्गेनप्लाटसारख्या मैदानावर बाहेरून वाळू आणून टाकावी लागली आहे. म्हणजे अर्धे उघडे दार निरुपद्रवी नसते. पण या आक्षेपातून अखंड भिंतीची बाजू कुठेच बळकट होत नाही. झालेल्या नुकसानीचा मासिक हप्ता दाराबरोबर येतो, एवढेच त्यातून सिद्ध होते. भिंतीबरोबर तो एकदम येतो, आणि मागाहून फेडायची सोय राहत नाही.

कोरियाने ते पटकन शिकून घेतले. सिह्वा येथे १९९४ मध्ये सुमारे साडेबारा किलोमीटरचा बांध घालून शेती आणि उद्योगांसाठी गोडे सरोवर करायचे होते. कारखान्यांचे सांडपाणी कोंडून त्याचे गटार झाले, गोड्या पाण्याचा बेत सोडून द्यावा लागला, आणि त्याच बांधात २०११ मध्ये २५४ मेगावॅटचे भरतीचे वीजकेंद्र बसवून समुद्र परत आत घेतला गेला. जपानची कथा अधिक अवघड आहे, कारण तिथे दार आहे पण किल्लीवर एकमत नाही. एप्रिल १९९७ मध्ये इसाहाया उपसागराच्या बांधातील शेवटची फट २९३ पोलादी पाट्या एकामागून एक पाडून बंद करण्यात आली. दूरचित्रवाणीवर ते दृश्य पाहणाऱ्यांनी त्याला गिलोटिन म्हटले. तीन-चार वर्षांत बाहेरच्या आरिआके समुद्रातले नोरी या खाद्य शेवाळाचे पीक बसले आणि मासेमार न्यायालयात गेले. २०१० मध्ये फुकुओका उच्च न्यायालयाने दारे पाच वर्षे उघडा असे सांगितले. तोवर आतल्या नव्या जमिनीवर शेतकरी वसले होते. त्यांच्या अर्जावर २०१३ मध्ये नागासाकीच्या न्यायालयाने दारे उघडण्यास मनाई केली. सरकारला एकाच वेळी उघडण्याचा आणि न उघडण्याचा हुकूम होता. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न उघडण्याच्या बाजूने प्रकरण मिटवले. आत बसलेला शेतकरी आणि बाहेरचा मासेमार या दोघांनाही आपल्या जागी न्याय हवा होता. बांध घालताना या दोघांना एकत्र बसवून दाराचे वेळापत्रक ठरले असते तर एवढी न्यायालये लागली नसती, असे खात्रीने सांगता येणार नाही. पण नंतर बसवणे अशक्य होते हे मात्र दिसले.

भारतात हा सगळा पेच एका सव्वा-दीड किलोमीटरच्या बंधाऱ्यावर एकवटलेला आहे. केरळातले कुट्टनाड समुद्रसपाटीच्या खाली, काही ठिकाणी दोन मीटरांहून खोल आहे. पम्पा, अच्चनकोविल, मणिमला, मीनच्चिल या नद्या तिथे उतरतात आणि वेंबनाड सरोवरातून समुद्राला मिळतात. उन्हाळ्यात सरोवरातून खारे पाणी वर चढे, आणि डिसेंबर ते मार्चमधले पुंचा भातपीक धोक्यात येई. उपाय म्हणून १९५५ मध्ये तोट्टपल्ली येथे पुराचे पाणी थेट समुद्रात सोडणारा सांडवा झाला आणि १९७६ मध्ये तन्नीरमुक्कमचा खारबंधारा कार्यान्वित झाला. १५ डिसेंबरला दारे लावायची, १५ मार्चला उघडायची, असा नेम. बंधाऱ्याचा मधला भाग पैशाअभावी दारांऐवजी मातीच्या भरावाने पुरा केला गेला आणि ती तात्पुरती माती सुमारे चार दशके तशीच राहिली. दाराची जागा भिंतीने घेतल्याचे याहून शब्दशः उदाहरण मिळणार नाही. पुढे वेळापत्रकही सैल झाले. पाडशेखरम म्हणजे बांधाने वेढलेला भातखाचरांचा समूह. अशा प्रत्येक पाडशेखरमची पेरणी वेगळ्या वेळी होऊ लागली, मागास पेरणाऱ्यांचे पीक उभे असते म्हणून दारे मार्च उलटला तरी बंद राहू लागली, आणि दर वर्षी शेतकरी विरुद्ध मासेमार हा तंटा कलेक्टरच्या दारात येऊ लागला. दरम्यान पाण्याचा स्वभाव बदलला. पूर्वी वर्षाकाठी खारे पाणी आत येऊन जलपर्णी मारून टाकी. आता ती फोफावली. खते, कीटकनाशके आणि सांडपाणी महिनोन्‌महिने कोंडून राहू लागले. गोड्या पाण्यात वाढणारी मोठी कोळंबी अंडी सोडायला निमखाऱ्या पाण्यात उतरते आणि पिले परत वर येतात. तिची वाट अडली. काळ्या शिंपल्यांची पैदासही बंधाऱ्याच्या दक्षिणेला घटली.

शेतकऱ्याला दोष देऊन येथे सुटका नाही. खारे पाणी शिरले तर त्याचे हातातोंडाशी आलेले पीक जाते, आणि देशाला भात हवा होता म्हणून सरकारनेच त्याला हे दार दिले. एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानने २००७ मध्ये दिलेल्या कुट्टनाड अहवालात याचे उत्तर बंधारा तोडण्यात शोधलेले नाही. पीक-दिनदर्शिका एक करा, पेरण्या एकाच वेळी करा, म्हणजे दारे कमीत कमी काळ लावावी लागतील, असा त्याचा रोख आहे. मला हा या विषयावरचा फार शहाणा विचार वाटतो, कारण तो पोलाद आणि काँक्रीटबद्दल न बोलता माणसांच्या आपसातल्या कराराबद्दल बोलतो. अर्थात असा करार कागदावर करणे सोपे आहे. दिनदर्शिका पाळली गेली असती तर पुढचे पुष्कळ लिहावे लागले नसते.

गोव्यातल्या खाजणांनी हा करार शतकानुशतके पाळून दाखवला, असे म्हटले की लगेच उत्तर येते: ती छोटी शेते, गावापुरती व्यवस्था, डेल्टा योजनेशी तिची तुलना कशी करता? आकारापुरते हे बरोबर आहे. पण यंत्रणा पाहा. खाजणाच्या बांधाला ‘मानस’ नावाचे लाकडी दार असते. भरतीचा दाब आला की ते आपोआप मिटते, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते. आत कोरगुटसारखा खारे सोसणारा भात, दाराशी मासळी, आणि मासळी धरण्याचा हक्क लिलावाने देऊन आलेला पैसा ‘गावकरी’ या ग्रामसंस्थेकडे, बांधाच्या डागडुजीला. शेत आणि मासा यांचे हितसंबंध एकाच खजिन्यात येऊन मिळत, म्हणून दाराचे वेळापत्रक टिकत असे. ते मोडले तेही आकारामुळे नव्हे. गावकरीचा अधिकार ओसरला, १९६० च्या दशकातल्या कूळ कायद्यांनंतर जमीन कसणारा आणि बांध राखणारा यांचे नाते बदलले, आणि मासळीला भाव आल्यावर भाताला मारक ठरेल अशा वेळी दार उघडे ठेवण्यात कुणाचा तरी फायदा होऊ लागला. रायगडच्या खारेपाटातही उघाड्या, म्हणजे अशीच दारे, आणि बांध होते. १९४८ च्या आणि नंतर १९७९ च्या खारभूमी कायद्यांनी त्यांची जबाबदारी सरकारकडे सरकली. आता बांध फुटला आणि वेळेत खांड बुजली नाही की शेतात कांदळवन येते, आणि कांदळवन तोडण्यास मुंबई उच्च न्यायालयाची २००५ पासून मनाई आहे. मनाई योग्यच आहे. पण खात्याच्या दिरंगाईची किंमत शेतकऱ्याने जमिनीच्या रूपाने मोजायची, हे त्याला कुणी समजावून सांगायचे?

उरतो तो सर्वांत वजनदार आक्षेप: समुद्र वर येत आहे, आता दारांचे लाड पुरे, भिंती बांधा. रॉटरडॅमच्या मुखावर १९९७ मध्ये उभे राहिलेले माएस्लांट दरवाजे एरवी पूर्ण उघडे असतात आणि मोठ्या वादळातच मिटतात. समुद्राची पातळी जितकी चढेल तितक्या वेळा ते मिटवावे लागतील, आणि कधीतरी ते मिटलेलेच राहतील. तेव्हा दार आणि भिंत यांत फरक राहणार नाही. हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र तो दिवस येईपर्यंतची दशके दारामुळे मिळतात, आणि त्या काळात पाणी उचलण्याची ठिकाणे हलवता येतात, पिके बदलता येतात, मासेमारांशी बोलणी करता येतात. भिंत ती मुदतच काढून घेते. शिवाय समुद्राची चढती पातळी हे कारण पुढे करून आपल्याकडे आखल्या जाणाऱ्या सगळ्या योजना समुद्रामुळेच लागतात असेही नाही. भरूचजवळ भाडभूत येथे नर्मदेच्या खाडीवर ९० दरवाज्यांचा बंधारा होत आहे, तो वर चढणारे खारे पाणी थोपवण्यासाठी. ते पाणी इतके वर चढू लागले याचे एक मोठे कारण वरच्या सरदार सरोवरामुळे खाली येणारे गोडे पाणी घटले, हे आहे. प्रवाहाच्या उलट दिशेने नदीत चढणाऱ्या पाल्यावर, म्हणजे हिलशावर, जगणारे तिथले मासेमार या बंधाऱ्याला विरोध करत आहेत, आणि ९० दरवाजे आहेत म्हणून भिंत नाही, असे त्यांना सांगितले तर ते विश्वास ठेवणार नाहीत. हारिंगव्लीटचे दरवाजेसुद्धा राइनला पाणी कमी असले की बंद ठेवावे लागतात, कारण खारे परतवायला वरून पुरेसे गोडे पाणी लागते. भाडभूतचे दरवाजे वर्षातून किती दिवस उघडे राहतील, हे भरूचला नव्हे, केवडियाला सरदार सरोवरातून किती पाणी सोडले जाते त्यावर ठरेल. म्हणून त्या पाण्याचा वाटा आणि त्याचे महिने बंधाऱ्याच्या मंजुरीतच लिहून घ्यायला हवेत, आणि लिहून घेताना भरूचचे मासेमार टेबलाशी बसलेले हवेत.